कपाटावरची तीन बोटं

१

"ताई, बाटली गेली."

आमच्या धाकटीला कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगता येत नाही. लग्न ठरलं तेव्हासुद्धा तिनं आधी जेवायला कोण कोण येणार ते सांगितलं, नवरा कोण ते मागाहून.

"कसली बाटली? नीट सांग," मी फोनवर खेकसले.

"कपाटातली. कवटीचं चित्र असलेली. सायनाइडची."

माझा चष्मा हातातून पडला, तो उचलायचंही सुचलं नाही.

धाकटीच्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तर जुन्या पद्धतीनं काचेवर फोटो काढतात. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. मग डेव्हलपर नावाच्या द्रावणानं फोटो उमटवायचा. उमटला की तो पक्का करावा लागतो, नाहीतर उजेडात काळा पडतो. पक्का करणाऱ्या द्रावणाला फिक्सर म्हणतात, आणि त्यासाठी मुख्यतः दोन चिजा वापरतात. एक हायपो, गरीब गाईसारखं, सावकाश काम करणारं. दुसरं सायनाइड. ते बघता बघता प्लेट स्वच्छ करतं आणि चेहरा असा उजळ आणतं की माणूस स्वतःच्याच प्रेमात पडावा. मास्तरांचं सगळं नाव त्या उजळपणावर उभं होतं.

"पोलिसांत कळवलंस?"

"वेडी आहेस का? मला वाटतं जावयांनी घेतलीय." आता ती रडायलाच लागली. "आणि घेतली असेल तर ती माझ्यामुळे, ताई. सर्वस्वी माझ्यामुळे."

मी आयुष्यभर पोलिस खात्यात बोटांचे ठसे वाचले. आता निवृत्त झाले, माझ्याबरोबर माझे गुडघेही निवृत्त झाले. तरी त्या दिवशी जिने उतरताना एकदाही कठडा धरला नाही. अख्खं घर संपवायला पुरेल एवढं विष त्या घरात मोकाट होतं आणि ते कुणाच्या पोटात जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

२

स्टुडिओ खाली, घर वर. पुढे गिऱ्हाइकांचं काउंटर, मग काचेच्या छताची फोटोची मोठी खोली, तिला लागून अंधारखोली, आणि मागे प्लेटा धुवायची खोली. तिथं लांबलचक सिंक, नळ, आणि खिडकीच्या शेजारी पांढऱ्या तैलरंगाचं एक लाकडी कपाट. दार सताड उघडं, मधला कप्पा रिकामा.

मी टॉर्च लावून दार बघितलं. स्वच्छ, कोरं, एकही डाग नाही.

"किल्ली कुठं असते?"

"लेन्सच्या जुन्या डबीत," धाकटी म्हणाली.

"कुणाकुणाला माहीत?"

"सगळ्यांनाच."

म्हणजे कुलूप नुसतं शोभेला. मी पहिलं फर्मान काढलं की बाटली सापडेपर्यंत या घरात कुणी काही खायचं नाही, प्यायचं नाही, पाणीसुद्धा बाहेरून आणायचं. मग एकेकाला वरच्या खोलीत बोलावलं.

धाकटी पहिली आली. पदराआड लपणारी ती कधीच नव्हती, पण आज माझ्याकडे बघेना.

"जावई गेल्या वर्षी अंधारखोलीत पडले ते तुला माहीतच आहे," ती म्हणाली. "फिक्सरच्या ट्रेवर वाकले होते, वाफेनं चक्कर आली आणि डोकं सिंकच्या कडेवर आपटलं. तेव्हापासून शब्द सापडत नाहीत त्यांना. पेल्याला चमचा म्हणतात, खिडकीला दार. काल जेवताना मी बोलून गेले गं. म्हटलं, माझ्या पोरीचं आयुष्य या घरात भांडी ओळखण्यात जाणार. त्यांनी ऐकलं. जेवण टाकून उठले. आणि आज बाटली नाही."

"कपाट उघडं कुणाला दिसलं?"

"मला. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक गेलं, मी ट्रे विसळायला आत आले तर हे असं."

दुसरे आले धाकटीचे दीर, मास्तरांचे सख्खे भाऊ. काउंटर तेच सांभाळतात. गिऱ्हाइकाला बोलण्यात असं गुंडाळतात की मी त्यांचं नाव जाहिरात ठेवलंय. आज जाहिरातीचा आवाज बसला होता.

"ताई, दादानंच घेतली असेल अशी मला भीती वाटते," ते म्हणाले. "संग्रहालयानं त्याच्या प्लेटा परत पाठवल्या, मागच्या आठवड्यात. चेहरे काळवंडलेले दिसतात म्हणे, पूर्वीची झळाळी नाही. मी चिडलो होतो. त्याच्या तोंडावर म्हणालो, दादा, तुझा हात गेला, आता बस कर."

"मग मास्तर काय म्हणाले?"

"हात बघत बसला स्वतःचे." त्यांनी नाक पुसलं. "सख्ख्या भावाला असं बोलतं का कुणी? जीभ झडली असती तर बरं झालं असतं माझी."

मास्तरांना जरा वेळानं बोलवायचं ठरवून मी जावयांना हाक मारली. ते आले, खुर्चीत बसले आणि मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "मी केलं."

३

मी खुर्ची पुढे ओढली.

"काय केलंत? बाटली घेतलीत?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग कपाळावर आठ्या घालून शब्द शोधत राहिले. जावई म्हणजे देखणा, शांत गडी. पूर्वी प्लेटा पक्क्या करायची सगळी कामं तेच करायचे. आता हाताचा चाळा म्हणून टेबलावरची पेन्सिल उभी करत होते, ती पडत होती.

"धुतली नाही," ते शेवटी म्हणाले. "मी. ती धुतली नाही. सांगितलं नाही... त्यांना. मास्तरांना."

"काय धुतलं नाही? भांडी?"

ते हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. मला अर्थ लागला नाही, आणि आजारी माणसाची उलटतपासणी घेताना माझी मलाच लाज वाटायला लागली. मी त्यांना जाऊ दिलं.

हा काय प्रकार म्हणावा? आयुष्यभर मी नाही नाही म्हणणारी माणसं पाहिली. हातात चोरीचं घड्याळ असलं तरी 'मी नाही साहेब' म्हणणारी. इथं चोर सापडत नव्हता, पण आरोप कबूल करायला मात्र रांग लागली होती.

मग मी एक खोडी काढली. स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं, घरातल्याच पाण्याचा, घरातल्याच साखरेचा चहा केला. सहा कप ट्रेत भरून खाली आणले आणि मुद्दाम काउंटरवर ठेवले.

"घ्या, गरम आहे," मी म्हटलं, "माझं फर्मान काही मागे घेतलेलं नाही, पण चहाशिवाय डोकं चालत नाही. पाणी आपल्याच माठातलं आहे, देव जाणे काय असेल त्यात."

धाकटीनं कपाला हातही लावला नाही. जाहिरात दोन पावलं मागे सरकले. जावयांनी कप उचलला, धाकटीनं तो झडप घालून काढून घेतला. माझा कप तर मी आधीच लांब सारला होता, मला काय जीव नकोसा झालाय?

भाची आतून आली. मास्तरांची एकुलती एक लेक. वर्षभरात वाळून निम्मी झाली होती. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे तिनं काढले, कप उचलला आणि उभ्या उभ्या चहा पिऊन टाकला.

"साखर कमी आहे, मावशी," ती म्हणाली आणि परत प्लेटा धुवायला गेली.

मास्तर अंधारखोलीतून आले. पांढरी दाढी, पाठीला बाक, बोटं कायमची काळी. चांदीचं पाणी बोटांना लागलं की लागतेवेळी दिसत नाही, उजेड मिळाला की काळं होतं. त्यांनी कप धरला तेव्हा उजव्या हाताच्या मधल्या बोटावर आडवा, जुना, काचेनं कापल्याचा वण दिसला. तेही शांतपणे चहा प्यायले.

"तुम्हाला कुणाचा संशय, मास्तर?"

"कुणाचा नाही. सापडेल," ते म्हणाले. "ताई, तुम्ही ठसे बघता ना? माझे हात बघा बरं. थरथरतात का?"

मी बघितलं. हात दगडासारखे स्थिर होते.

"मग काय चुकतंय?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "कोलोडियन नवं केलं. चांदीचं पाणी गाळलं, बदललं. डेव्हलपर तीनदा बदलला. कॅमेऱ्याची भिंगं पुसली. सगळं बदललं तरी चेहरे काळेच येतात. मग राहिलं काय? मी राहिलो."

कप खाली ठेवून ते निघाले, दारात थबकून म्हणाले, "आज दुपारी जावयांचा फोटो काढतोय. त्यांचा एक चांगला फोटो माझ्या हातून व्हायला हवा. मग सुटलो."

ते 'सुटलो' माझ्या कानात अडकलं. घरात विष मोकाट असताना दोघंच बिनघोर चहा प्यायली होती, बाप आणि लेक. विष कुठं आहे हे ठाऊक असल्याशिवाय असा चहा कुणाच्या घशाखाली उतरत नाही. मग ही दोघं मिळून काही लपवत होती, की वेगवेगळं?

४

भाचीकडे जायला मी मागच्या खोलीत गेले. ती नव्हती. नळ मात्र चालू होता आणि सिंकमध्ये सकाळची प्लेट वाहत्या पाण्यात पडून होती. एवढा वेळ? पूर्वी जावई प्लेट दोनदा विसळायचे आणि उचलायचे. पाण्याची ही नासाडी बघून माझा जीव तुटला, पण नळ बंद करायला वाकले आणि वाकलेलीच राहिले.

ऊन फिरलं होतं. सकाळी सावलीत असलेल्या कपाटाच्या दारावर आता खिडकीतून स्वच्छ उजेड पडला होता. आणि सकाळी ज्या दारावर काही नव्हतं, तिथं तीन बोटं उमटली होती. तपकिरी-काळी, ओळीनं. जसजसं बघत होते तसतशी गडद होत होती.

चांदीचं पाणी! आमच्या खात्यात कागदावरचे ठसे काढायला आम्ही हेच वापरायचो. सकाळचा फोटो काढताना कुणीतरी ओल्या बोटांनी हे दार धरलं होतं. तेव्हा काही दिसलं नाही. उन्हानं काम केलं.

या घरात चांदीच्या पाण्यात हात घालणारं माणूस एकच. भाची हातमोजे घातल्याशिवाय कशाला शिवत नाही, जाहिरात काउंटर सोडत नाहीत, जावयांना अंधारखोलीत कुणी जाऊ देत नाही. तरी मी भिंग काढलं. सवय म्हणा. मधल्या बोटाच्या ठशात, रेषांच्या आरपार, एक आडवी पांढरी चीर होती.

काचेनं कापल्याचा वण.

मी गुडघे विसरून पळाले. फोटोच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. दाराच्या काचेतून धूसर दिसत होतं. जावई खुर्चीत बसलेले, मास्तर कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात, आणि बाजूच्या टेबलावर ट्रे, कवटीवाली बाटली, आणि बाटलीशेजारी पाणी प्यायचा एक पेला.

ट्रे प्लेटसाठी होता. पेला कशासाठी होता ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी दारावर मारायला मूठ उगारली, तेवढ्यात मागून माझं मनगट कुणीतरी धरलं.

"मावशी, थांब," भाची म्हणाली. चेहरा पांढराफटक. "त्यात विष नाही."

५

मी तिला ओढत मागच्या खोलीत नेलं. नेताना एक डोळा काचेवर होताच. मास्तर अजून कॅमेऱ्यामागे होते, काचेवर कोलोडियन ओतून ती बुडवून झाल्यावर जावयांना हलू नका म्हणून बजावत होते.

"बोल. भराभरा बोल."

"वर्ष झालं, त्या बाटलीत हायपो आहे. हे पडले त्यानंतर मी सायनाइड परत केलं, ज्याच्याकडून आणलं होतं त्यालाच. बाटली धुतली, हायपोचं पाणी भरलं, कपाटात ठेवली. प्लेटा पक्क्या करायचं काम मी मागितलं आणि इथं, मागे, एकटीनं करायला लागले. बाबांना दिसतात त्या वाळलेल्या, वार्निश केलेल्याच प्लेटा."

"आणि वास? त्यांना कळलं नाही?"

"त्यांचं नाक कोलोडियनमधल्या इथरच्या वासानं कधीच मेलंय."

मी भिंतीवरच्या प्लेटा बघितल्या. आता मला दिसलं, जे संग्रहालयाला दिसलं होतं. जुने चेहरे साईच्या रंगाचे, उजळ. वर्षभरातले राखाडी, खाली बसलेले. हायपोनं पक्का केलेला फोटो काळोखाकडे झुकतो. आणि हायपो धुवून काढायला वेळ लागतो, म्हणून तो नळ चालू. सगळं समोर पडलेलं होतं, कुणीच बघितलं नव्हतं. मीसुद्धा फक्त पाण्याची नासाडी बघितली.

मी केमिकलवाल्याला फोन लावला. भाचीचं बोलणं खोटं वाटलं म्हणून नाही, जीव अडकला होता म्हणून. तो म्हणाला, हो बाई, मास्तरांच्या लेकीनं परत केलं, मी पावतीही दिली होती. आणि मग मला भयंकर राग आला.

"अगं, तुझ्या बापाला वाटतंय त्याचा हात गेला! वर्षभर तो माणूस एकेक वस्तू बदलतोय आणि शेवटी स्वतःला बदलायला निघालाय! आणि तू चहात साखर कमी आहे म्हणतेस?"

"मला कळत होतं," ती ओरडली, मग आवाज खाली आला. "कळत होतं, मावशी. रोज ठरवायचे, आज सांगेन. पण सांगितलं असतं तर ते पुन्हा सायनाइड आणतील अशी भीती. यांना अंधारखोलीतल्या सिंकपाशी पडलेलं मी पाहिलंय. आणि मग उशीर झाला. संग्रहालयाच्या प्लेटा आल्या. आता काय तोंडानं सांगू, की बाबा, तुमचं नाव मी बुडवलं? आज बाटली गेली तेव्हा वाटलं काकांनी फेकली असेल. बरं वाटलं मला. वाटलं, पुरावा गेला."

"ती तुझ्या बापानं घेतलीय. टेबलावर पेला ठेवलाय."

तिला ते कळायला एक क्षण लागला. मग ती सिंकची कड धरून खाली बसली.

"त्यात विष नाही म्हणून ते वाचतील," मी म्हटलं. खरं तर मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण वेळ नव्हता. "पण पेला घेऊन बसण्याची पाळी त्यांच्यावर आली, त्याचं काय करशील? ऊठ. एक तर तू सांग, नाहीतर ती प्लेट सांगेल."

"प्लेट?"

"सायनाइडमध्ये प्लेट बघता बघता साफ होते ना? हायपोमध्ये?"

ती उठून पळाली.

६

"बाबा, दार उघडा!"

कडी निघाली. मास्तरांनी प्लेट डेव्हलप करून, धुऊन आणली होती. दुधी, निळसर काच हातात, काही ओळखू न येणारी. आमच्या मागे धाकटी आणि जाहिरातही येऊन उभे राहिले. ट्रेमध्ये बाटलीतलं पाणी ओतलेलं होतं.

"आलात? बरं झालं," मास्तर म्हणाले. "आज ही मी स्वतः पक्की करणार. लेकीचा हात मध्ये नको. काळी आली तर दोष माझाच, निकाल लागला."

"बाबा..." भाचीचं तोंड उघडलं. जावयांसारखाच तिलाही शब्द सापडेना.

मास्तरांनी प्लेट ट्रेमध्ये सोडली आणि ट्रे हलक्या हातानं डोलवायला लागले. आम्ही सगळे बघत होतो. काच दुधी होती, दुधीच राहिली. मास्तर डोलवत राहिले. काच दुधीच. त्यांचा हात मंद झाला, मग थांबला. त्यांनी ट्रेवर वाकून बघितलं, बाटलीकडे बघितलं, वरच्या कवटीकडे बघितलं. आयुष्य ज्या कामात गेलं त्या कामात माणसाला फसवता येत नाही, मध्ये कुणी उभं राहिलं नाही तर.

"हे सायनाइड नाही," ते म्हणाले. "हायपो आहे. कुणी केलं?"

"मी," भाची म्हणाली. "वर्ष झालं. मी सांगणारच होते, बाबा."

ट्रेमधली काच कडेकडेनं आता साफ व्हायला लागली होती. आधी खुर्चीचा हात दिसला, मग जावयांचा सदरा.

"वर्षभर," मास्तर म्हणाले, "मी रोज सकाळी उठून माझे हात बघायचो."

भाचीनं त्यांचे पाय धरले नाहीत, गळ्यातही पडली नाही. ती नुसती उभी राहून रडत होती, लहान पोरं शाळेच्या फाटकात रडतात तशी, हात खाली सोडून. "मला वाटलं तुमचा फोटो बिघडला तर बिघडू दे, माणूस नको बिघडायला. आणि तुम्हीच..." तिची नजर पेल्याकडे गेली.

तेवढ्यात जावई खुर्चीतून उठले. टेबलापाशी आले. एका बोटानं प्लेटला न शिवता तिच्याकडे दाखवलं.

"मी धुतली नव्हती," ते म्हणाले. "त्या दिवशी. डेव्हलपर... अंगावर होता. तिच्या. घाई होती मला. तशीच टाकली. आत. तुमची चूक नाही. माझी. मी... सांगितलं नाही."

आता मला त्यांचं सकाळचं 'धुतली नाही' कळलं. डेव्हलपरमध्ये आम्ल असतं. ते न धुता प्लेट सायनाइडमध्ये गेली की विषारी वायू सुटतो. धाकटी मागे म्हणाली होती, मास्तरांना वाटतं की उन्हाळा म्हणून आपण त्या दिवशी आम्ल जास्त घातलं आणि जावयाचं आयुष्य बरबाद केलं. म्हणूनच शेवटचा चांगला फोटो त्यांचाच काढायचा होता. आणि हा मुलगा शब्द नाहीत या सबबीखाली गप्प होता. शब्द नव्हते हे खरंच, पण आज सापडले की नाही?

मास्तर खाली बसले. स्टुलावर, एकदम.

"तुम्ही वाचलात ना," ते म्हणाले. "बास."

धाकटी मधून पुढे आली. तिनं तो पेला उचलला. नवऱ्याकडे एकदा बघितलं, असं बघितलं की मी मान फिरवली. मग पेला पदराखाली धरून ती तो वर घेऊन गेली. त्या पेल्याबद्दल त्या घरात पुन्हा कुणी काही बोललं नाही, पण विसरलंही नसावं.

प्लेट पूर्ण साफ झाली होती. मास्तरांनी ती उचलून उजेडात धरली. जावयांचा चेहरा राखाडी, खोल, डोळे तेवढे स्पष्ट.

"काळी आहे," मास्तर म्हणाले. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला आणि त्यांनी लेकीला असं झापलं की मला हायसं वाटलं. "काळी येणारच! अगं गाढवे, हायपोला उजेड जास्त द्यावा लागतो. मी सायनाइडच्या हिशेबानं भिंगाची टोपी उघडत होतो वर्षभर. तू एक शब्द बोलली असतीस तर मी जास्त वेळ उघडी ठेवली असती, डेव्हलपर सौम्य केला असता. फिक्सर कुठलाही निवड, पण फोटो काढणाऱ्याला सांगून निवड! एवढं साधं काम होतं!"

"म्हणजे हायपोनं चालेल?" भाचीनं विचारलं.

"साईसारखा रंग नाही यायचा. पण चालेल. जा, त्यांच्या शेजारी बस. दोघांचा काढतो. हलू नका."

तिनं प्लेट घेतली, धुवायला नळाखाली ठेवून आली आणि नवऱ्याच्या शेजारी बसली. मास्तरांनी टोपी काढली आणि बराच वेळ काढलेलीच ठेवली. जावई पुतळ्यासारखे बसले. भाचीला मात्र रडू आवरेना.

तो फोटो मी नंतर बघितला. जावयांचा चेहरा उजळ आला होता, अगदी जुन्यासारखा नाही, पण संग्रहालयाचं तोंड बंद करील इतका. भाचीचा चेहरा हलून पुसट झालाय, नाक-डोळे काही कळत नाहीत. जाहिरात म्हणाले, फेकून द्या, दुसरा काढू. मास्तरांनी दुसरा काढला, पण भिंतीवर तो पुसटच लावला.

मी निघाले तेव्हा धाकटी कपाटाचं दार घासत होती. साबण झाला, सोडा झाला, राख झाली. तीन काळी बोटं होती तशीच.

"मास्तर, हा डाग जाईना हो," ती म्हणाली. नवऱ्याशी ती दिवसभरात पहिल्यांदाच बोलत होती.

मास्तर दारात उभे राहून स्वतःचा ठसा बघत होते.

"तो झटक्यात काढणारी एक चीज होती घरात," ते म्हणाले. "जुने फोटोग्राफर तिनंच हात धुवायचे. सायनाइड."

धाकटीचा हात थांबला. तिनं फडकं पिळलं आणि सिंकच्या कडेवर वाळत टाकलं.

"मग राहू दे," ती म्हणाली.